जरा सरकून घ्या ना!

*एकाच लॅपटॉपमध्ये विंडोज आणि लिनक्स गुण्यागोविंदानं नांदत असतात, तोवर सगळं छान असतं. मग एक दिवस लिनक्सची जागा संपते, नाहीतर रॅम अपुरी पडायला लागते, आणि डिस्कची वाटणी नव्यानं करायची वेळ येते. ही वाटणी डेटा न गमावता कशी करायची?*

सेमिस्टर संपत आलीये. प्रोजेक्टचा डेमो तोंडावर आहे. तुम्ही लिनक्समध्ये एखादी नवी लायब्ररी टाकायला जाता आणि पडद्यावर मेसेज झळकतो : डिस्कवर जागा शिल्लक नाही. त्याच लॅपटॉपमध्ये पलीकडे विंडोजच्या सी ड्राइव्हवर मात्र दोनशे जीबी नुसते लोळत पडलेत! किंवा दुसरा सीन. ब्राउझरचे वीस टॅब, एक कोड एडिटर, मागे गाणी सुरू आणि अचानक माउसचा बाण जागच्या जागी थिजतो. गाणं अडखळतं. पाच मिनिटं तुम्ही हताशपणे पडद्याकडे बघत बसता आणि शेवटी पॉवरचं बटण दाबून धरता.

अशा वेळी कट्ट्यावर दोन प्रकारचे सल्ले हमखास मिळतात. पहिला, 'फॉरमॅट मार आणि सगळं नव्यानं टाक.' दुसरा, 'अरे, जीपार्टेड उघड, इकडची कड ओढ तिकडे, दोन मिनिटांचं काम आहे.' दोन्ही सल्ले बाजूला ठेवा. पहिल्यात तुमचे दोन दिवस जातात. दुसऱ्यात, क्रम चुकला तर, तुमचा प्रोजेक्टच जाऊ शकतो. खरं सांगायचं तर हे काम अवघड नाही. पण त्याला एक क्रम आहे आणि तो पाळावाच लागतो. शिवाय बऱ्याचदा पार्टिशनला हात लावायची गरजच नसते, हे कुणी सांगत नाही.

हा विषय सध्या जास्तच निघतोय, त्यालाही कारण आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, आणि बऱ्याच जुन्या लॅपटॉपची तिथेच विकेट पडते. मग दादाकडून किंवा ताईकडून वारशानं आलेल्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं जातं. 'आधी बघू तरी' म्हणून त्याला तीस-चाळीस जीबी दिले जातात. उबुंटूच्या डेस्कटॉपला किमान २५ जीबी लागतात, म्हणजे तीसात ते बसतं. पण बसतं म्हणजे नुसतं टेकतं. हळूहळू लिनक्सच रोजचं होतं आणि पाय पसरायला जागा उरत नाही.

रॅम म्हणजे टेबल, स्वॅप म्हणजे माळा

आधी स्वॅप म्हणजे काय ते बघू. रॅम म्हणजे तुमचं अभ्यासाचं टेबल. हाताशी लागणारी वह्या-पुस्तकं त्यावर. टेबल भरलं की आत्ता न लागणारं सामान तुम्ही माळ्यावर टाकता. लिनक्स नेमकं हेच करतं. रॅम भरत आली की बराच वेळ कुणी न विचारलेला डेटा उचलून ते डिस्कवरच्या एका राखीव जागेत ठेवतं. ती जागा म्हणजे स्वॅप.

आता दर दोन मिनिटांनी लागणारी वहीच माळ्यावर गेली तर? स्टूल घ्या, चढा, वही काढा, ती ठेवायला टेबलावरचं दुसरं काहीतरी वर टाका, मग त्यासाठी पुन्हा चढा. अभ्यास राहिला बाजूला, दिवस चढण्या-उतरण्यातच गेला. रॅमचा वेग नॅनोसेकंदांत मोजतात आणि फिरत्या हार्डडिस्कचा मिलिसेकंदांत, म्हणजे हे स्टूल फारच उंच आहे. एसएसडीवर ते बरंच बुटकं होतं, पण स्टूल ते स्टूलच.

ऑपरेटिंग सिस्टिम्सच्या पेपरात 'थ्रॅशिंग'ची व्याख्या पाठ केली होती ना? ती हीच. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये थ्रॅशिंग का होतं आणि ते कसं टाळायचं यावर शोधनिबंध लिहिला होता. वीस टॅबमध्ये तुमचा लॅपटॉप थिजतो, तेव्हा तुम्ही त्याचंच प्रात्यक्षिक बघत असता.

म्हणून एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. स्वॅप वाढवला म्हणून लॅपटॉप फास्ट होत नाही. त्यानं एवढंच होतं की रॅम भरल्यावर सिस्टिम लगेच कोसळत नाही. रॅम आणि स्वॅप दोन्ही भरले की लिनक्सच्या कर्नलमधली 'आउट ऑफ मेमरी किलर' नावाची यंत्रणा जागी होते आणि एखादा प्रोग्रॅम सरळ बंद करून टाकते. बहुतेक वेळा बळी जातो तो सगळ्यात जास्त मेमरी खाणारा, म्हणजे नेमकं तुम्ही ज्यात काम करत होतात तेच. स्वॅप असला तर तुम्हाला निदान फाइल सेव्ह करायला उसंत मिळते.

दोन एमबीची गोष्ट

लिनक्समध्ये हे आलं कसं, याची गोष्ट विद्यार्थ्यांना आवडण्यासारखी आहे. लिनस टोरवाल्ड्स हेलसिंकी विद्यापीठात शिकत होता. १९९१ च्या सुरुवातीला त्यानं हप्त्यांवर ३८६ प्रोसेसरचा पीसी घेतला. त्यात रॅम होती ४ एमबी. होय, एमबी! त्याच वर्षी लिनक्स जन्माला आलं. पण जर्मनीतल्या एका वापरकर्त्याकडे फक्त २ एमबी रॅम होती आणि तेवढ्यात त्याला लिनक्सचा कर्नल कंपाइल करता येईना. लिनसनं १९९१ च्या नाताळात बसून मेमरीतला डेटा डिस्कवर टाकायची सोय लिहून काढली. तेव्हा तो बावीस वर्षांचा होत होता. जानेवारी १९९२ मध्ये आलेल्या ०.१२ या आवृत्तीत ती सोय सगळ्यांना मिळाली. म्हणजे स्वॅप जन्माला आला तोच मुळी कुणाची तरी रॅम कमी पडत होती म्हणून.

दुसरी गोष्ट आणखी भारी. लिनसच्या त्या पीसीवर एका पार्टिशनमध्ये मिनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम होती आणि दुसरीकडे त्याचं नवं लिनक्स. एकदा मॉडेमला पाठवायच्या कमांड्स त्यानं चुकून हार्डडिस्कला पाठवल्या आणि मिनिक्सच्या पार्टिशनची वाट लागली. मिनिक्स परत टाकण्याऐवजी त्यानं लिनक्सच पुरेसं चांगलं करायचं ठरवलं. तर मंडळी, एकाच मशीनवर दोन सिस्टिम ठेवून पार्टिशन उडवणाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव खुद्द लिनक्सच्या जन्मदात्याचं आहे. त्याला ते परवडलं. उद्या डेमो असलेल्या तुम्हाला परवडणार नाही.

माळा केवढा हवा?

'रॅमच्या दुप्पट स्वॅप' हा नियम तुम्ही ऐकला असेल. रॅम एमबीमध्ये मोजायचे तेव्हाचा तो नियम आहे. आज ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर १६ जीबी स्वॅप ठेवणं म्हणजे वन रूम किचनमध्ये दोन माळे काढणं.

उबुंटूच्या माहितीपानांवर दिलेला हिशोब जास्त व्यवहारी आहे. लॅपटॉप हायबरनेट करायचा नसेल तर रॅमच्या वर्गमुळाइतका स्वॅप पुरतो. म्हणजे ४ जीबी रॅमला २ जीबी, ८ ला साधारण ३ आणि १६ ला ४. हायबरनेट करायचं असेल तर तेवढ्यात रॅमचा पूर्ण आकार मिळवायचा, म्हणजे अनुक्रमे ६, ११ आणि २०. हायबरनेट करताना रॅममधलं सगळं स्वॅपमध्ये उतरवून लॅपटॉप पूर्ण बंद होतो, म्हणून एवढी जागा लागते.

पण ड्युअल बूटवाल्यांनी हायबरनेटच्या फार नादी न लागलेलंच बरं. एक तर सिक्युअर बूट चालू असताना उबुंटू, फेडोरासारख्या सिस्टिम हायबरनेट होऊच देत नाहीत. दुसरं म्हणजे एक सिस्टिम हायबरनेट करून तुम्ही दुसरीत शिरलात आणि दोघींच्या सामायिक पार्टिशनवर काही लिहिलंत, तर पहिली जागी झाल्यावर जुन्याच नोंदी खऱ्या धरते. मग फाइल्सचा जो घोळ होतो तो निस्तरणं कठीण.

आपल्याला खरंच स्वॅपची गरज आहे का, हे अंदाजानं ठरवू नका. टर्मिनलमध्ये 'फ्री -एच' ही कमांड द्या. (कमांड्स इथे बोलतो तशा लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करायच्या.) रोजचं काम चालू असताना दिवसातून तीन-चार वेळा बघा. स्वॅपचा वापर जवळपास शून्य असेल तर तुमचा प्रश्न स्वॅपचा नाहीच. तो सतत भरलेला असेल आणि लॅपटॉपही रखडत असेल, तर शक्य असल्यास आणखी एक रॅमची पट्टी टाकणं हाच खरा उपाय.

पार्टिशनला हात न लावता

आता आनंदाची बातमी. स्वॅपसाठी वेगळं पार्टिशन हवंच असं काही नाही. उबुंटू २०१७ पासून, म्हणजे १७.०४ या आवृत्तीपासून, नव्यानं टाकताना साध्या मांडणीत पार्टिशनऐवजी एक स्वॅप फाइल बनवतं. ही इतर फाइल्ससारखीच एक फाइल असते. ती मोठी करायला डिस्कच्या वाटणीला धक्काही लावावा लागत नाही.

तुमच्याकडे काय आहे ते 'स्वॅपऑन' या कमांडला 'शो' हा पर्याय जोडून कळतं. प्रकाराच्या रकान्यात 'फाइल' दिसलं तर पाच मिनिटांत काम होतं. ब्राउझरसकट जड प्रोग्रॅम बंद करा, कारण स्वॅप बंद करताना त्यातला सगळा डेटा परत रॅममध्ये यावा लागतो. मग 'स्वॅपऑफ'नं स्वॅप बंद करा. 'डीडी' कमांडनं त्याच नावाची, हव्या त्या आकाराची फाइल पुन्हा बनवा. 'सीएचमॉड ६००' देऊन ती फक्त रूट युजरलाच वाचता येईल असं करा, कारण त्या फाइलमध्ये तुमचे पासवर्डही उतरलेले असू शकतात. 'एमकेस्वॅप' द्या, 'स्वॅपऑन' करा. झालं! फाइलचं नाव आणि जागा तीच असल्यामुळे दुसरीकडे कुठेही नोंद बदलावी लागत नाही.

इथे 'डीडी'बद्दल सावध राहा. तिला लिहायची जागा म्हणून फाइलच्या नावाऐवजी डिस्कचं नाव दिलंत तर ती विनातक्रार अख्खी डिस्क पुसायला घेते. मॉडेमची गोष्ट आठवा आणि एंटर मारण्याआधी ओळ दोनदा वाचा. तुमची लिनक्सची फाइलसिस्टिम बीटीआरएफएस असेल तर मात्र स्वॅप फाइल बनवायची रीत थोडी वेगळी आहे, ती तुमच्या सिस्टिमच्या माहितीपानांवरून बघून घ्या.

आणखी एक पर्याय आहे 'झेडरॅम'. यात डेटा डिस्कवर न टाकता रॅममध्येच दाबून, म्हणजे कॉम्प्रेस करून ठेवतात. टेबलावरच्या वह्या रबरबँड लावून एकावर एक रचाव्यात तसं. फेडोरानं २०२० मध्ये आलेल्या ३३ व्या आवृत्तीपासून हीच पद्धत मुळातच चालू करून दिली आहे. कमी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर ती खरंच उपयोगी पडते.

आधी झाडलोट

स्वॅपचं निभावलं. पण लिनक्सची मूळ जागाच संपली असेल तर? तरीही आधी पार्टिशनकडे धावू नका. लिनक्समध्ये कुणी किती जागा खाल्ली हे दाखवणारं एक टूल असतं, 'डिस्क यूसेज ॲनालायझर'. त्याचं मूळ नाव 'बाओबाब', म्हणजे आपली गोरखचिंच. आहे ना गंमत? ते उघडलं की बहुतेक वेळा चोर घरातलाच निघतो. डॉकरच्या जुन्या इमेजेस, प्रत्येक प्रोजेक्टमध्ये वेगळ्या साठलेल्या लायब्ररी, कधीतरी करून बघितलेल्या पायथनच्या सहा एन्व्हायर्नमेंट, जुने कर्नल, महिनोन् महिने साचलेले लॉग्ज. 'ॲप्ट क्लीन' आणि 'ॲप्ट ऑटोरिमूव्ह' या दोन कमांड्स आणि थोडी निर्दयता एवढ्यावर कित्येक जीबी मोकळे होतात. तरीही भागलं नाही, तरच पुढचं वाचा.

चौथ्या सीटचं गणित

मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा कसा बसतो? 'जरा सरकून घ्या' म्हणत. डिस्कवरची पार्टिशन्सही अशीच एका ओळीत, एकमेकांना खेटून बसलेली असतात. त्यामुळे मोकळी जागा किती आहे यापेक्षा ती कुणाच्या शेजारी आहे, हे महत्त्वाचं.

नेहमीची मांडणी अशी असते. अगदी खिडकीशी, पाण्याच्या बाटलीएवढं छोटंसं ईएफआय पार्टिशन. साधारण १०० एमबीचं, पण कॉम्प्युटर सुरू व्हायची सगळी मदार त्याच्यावर. त्याच्या शेजारी मायक्रोसॉफ्टनं राखून ठेवलेले १६ एमबी. मग ऐसपैस बसलेला सी ड्राइव्ह. त्याला खेटून लिनक्स. त्यापलीकडे असलंच तर स्वॅप पार्टिशन. आणि चौथ्या सीटवर अर्धवट टेकलेलं विंडोजचं रिकव्हरी पार्टिशन. (५१२ जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४७६ दिसते, म्हणून दुकानदाराला बोल लावू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत, एवढंच.)

आता सी ड्राइव्ह ५० जीबीनं आकसला. जागा कुठे मोकळी झाली? त्याच्या उजवीकडे, म्हणजे लिनक्सच्या डावीकडे. इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. लिनक्सला ती जागा घ्यायची तर त्याला नुसते पाय पसरून चालत नाही, उठून डावीकडे सरकावं लागतं. पार्टिशनची सुरुवातच बदलते, म्हणून आतला सगळा डेटा मूळ जागेवरून उचलून नव्या जागी लिहावा लागतो. उजवीकडे पसरणं मात्र सोपं. तिथे सुरुवात तीच राहते, फक्त शेवट पुढे जातो. लिनक्सची नेहमीची ईएक्सटी४ ही फाइलसिस्टिम तर चालू असतानाही अशी वाढवता येते. लहान करायची असेल तर मात्र ती बंद, म्हणजे अनमाउंट असावी लागते. एक्सएफएस ही फाइलसिस्टिम लहान करताच येत नाही.

हे एकदा कळलं की तीन मार्ग दिसतात, आणि ते सोप्याकडून अवघडाकडे असे वापरायचे.

पहिला मार्ग, उजवीकडचा स्वॅप उठवा. लिनक्सच्या उजवीकडे जुन्या नियमानं दिलेलं ८-१६ जीबीचं स्वॅप पार्टिशन असेल, तर ते काढून टाका, त्याची जागा लिनक्सला द्या आणि स्वॅपसाठी छोटी फाइल करा. काहीही सरकवावं लागत नाही.

दुसरा मार्ग, मोकळ्या जागेत नवं पार्टिशन करा. सी ड्राइव्ह आकसून मिळालेल्या ५० जीबीत एक स्वतंत्र ईएक्सटी४ पार्टिशन बनवा आणि ते लिनक्समध्ये एखाद्या फोल्डरसारखं जोडा. प्रोजेक्ट्स, डॉकर, व्हर्च्युअल मशीन्स, सिनेमे तिकडे हलवा. लिनक्सचं मूळ पार्टिशन जागचं हलत नाही, म्हणजे धोकाही कमी. बहुतेक विद्यार्थ्यांचं काम इथेच भागतं.

तिसरा मार्ग, लिनक्सला खरोखर डावीकडे सरकवा. हा शेवटचा उपाय. चालतो, पण वेळ आणि काळजी दोन्ही मागतो.

आधी विंडोजची समजूत काढा

दुसरा मार्ग घ्या किंवा तिसरा, सुरुवात विंडोजपासून. सी ड्राइव्ह लहान करायचं काम विंडोजलाच करू द्या. त्याच्या 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये 'श्रिंक व्हॉल्यूम' हा पर्याय असतो. पण त्याआधी दोन अडथळे पार करावे लागतात.

पहिला अडथळा एन्क्रिप्शनचा. नव्या लॅपटॉपवर विंडोज ११ मध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर बऱ्याचदा तुमच्या नकळत चालूच असतं. पार्टिशनमध्ये किंवा बूटमध्ये बदल झाला की ते सावध होतं आणि ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती नसेल तर सी ड्राइव्हवरचा डेटा तुमच्या डोळ्यांसमोर असून नसल्यासारखा. ही की साधारणपणे तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ती आधीच शोधा आणि चक्क वहीत लिहून ठेवा. त्याच लॅपटॉपवर सेव्ह करून ठेवू नका, म्हणजे झालं! मग काम संपेपर्यंत बिटलॉकर 'सस्पेंड' करा.

दुसरा अडथळा फास्ट स्टार्टअपचा. विंडोज 'शट डाउन' केलं तरी ते पूर्ण बंद होत नाही. पटकन सुरू होता यावं म्हणून ते अर्धवट हायबरनेट होतं. अशा अर्धवट झोपलेल्या पार्टिशनमध्ये लिनक्सनं ढवळाढवळ करणं धोक्याचं. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' द्या. फास्ट स्टार्टअप बंद होतं, शिवाय हायबरनेशनची कित्येक जीबीची फाइलही जाते.

या फाइलचा आणखी एक संबंध आहे. दोनशे जीबी मोकळे असूनही विंडोज 'फक्त १२ जीबी कमी करता येतील' असं कधीकधी सांगतं. कारण हायबरनेशनची फाइल, पेज फाइल (विंडोजचा स्वतःचा स्वॅप म्हणा ना), रिस्टोअर पॉइंट्स अशा काही फाइल्स जागच्या हलवता येत नाहीत. त्यातली एखादी ड्राइव्हच्या टोकाला बसली असेल तर वाट अडते. हायबरनेशन, पेज फाइल आणि सिस्टिम प्रोटेक्शन तात्पुरतं बंद करून लॅपटॉप रीस्टार्ट करा, श्रिंक करा आणि मग पेज फाइल व प्रोटेक्शन आठवणीनं परत चालू करा. आणि हो, सी ड्राइव्हला अगदी उघड्यावर आणू नका. विंडोजच्या मोठ्या अपडेट्सनाही श्वास घ्यायला जागा लागते.

प्रत्यक्ष सरकवताना

तिसऱ्या मार्गासाठी लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह लागतो. ज्या बाकावर बसलोय तोच बाक सरकवता येत नाही, म्हणून बाहेरून बूट करायचं. लाइव्ह सिस्टिममध्ये 'जीपार्टेड' उघडा. एखाद्या पार्टिशनसमोर किल्लीचं चिन्ह दिसलं तर ते वापरात आहे असं समजा. लाइव्ह सिस्टिम सापडलेला स्वॅप आपणहून चालू करून बसते, त्यावर राइट क्लिक करून 'स्वॅपऑफ' करा.

मग लिनक्सचं पार्टिशन निवडून 'रिसाइज/मूव्ह' घ्या आणि डावी कड मोकळ्या जागेत ओढा. जीपार्टेडची चांगली सवय अशी की वरची हिरवी टिक दाबेपर्यंत ते डिस्कवर काहीही करत नाही, सगळी कामं नुसती यादीत लावून ठेवतं. ही यादी शांतपणे वाचा. मित्राला दाखवा. मनात शंका असेल तर खिडकी बंद करा, काही बिघडलेलं नाही.

टिक दाबल्यावर मात्र हात बांधून बसायचं. एसएसडीवर काही मिनिटं ते अर्धा तास आणि जुन्या हार्डडिस्कवर कित्येक तास लागू शकतात. मधेच कॅन्सल नाही, झाकण बंद करणं नाही. बॅटरी पूर्ण चार्ज हवी आणि चार्जरही लावलेला हवा. बॅटरी मेलेल्या लॅपटॉपवर किंवा यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर हे करायला घेऊ नका. त्यातून वळवाच्या पावसाचे दिवस असतील आणि तुमच्याकडे दुपारी चारला हमखास लाइट जात असतील, तर मुहूर्त जरा बघूनच काढा.

जुन्या, एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर आणखी एक पाचर असते. ही पद्धत १९८३ पासूनची. तिच्यात चारच मुख्य पार्टिशन्स मावतात, इथेही चौथी सीटच शेवटची! पाचव्यासाठी त्यातल्या एकालाच 'एक्स्टेंडेड' नावाचा डबा करून त्याच्या आत बाकीची ठेवतात. तुमचं लिनक्स त्या डब्यात असेल तर आधी डबा मोठा करायचा, मग आतलं पार्टिशन. नव्या जीपीटी पद्धतीत साधारणपणे १२८ पार्टिशन्सची सोय असते, त्यामुळे ही भानगडच नाही. आणि लिनक्स टाकताना एन्क्रिप्शन किंवा एलव्हीएम निवडलं असेल, तर वरची रीत जशीच्या तशी लागू पडत नाही. त्यासाठी जाणकाराला शेजारी बसवा.

सुरूच होत नाही, आता?

घाबरून पुन्हा टिक-टिक करत सुटू नका. सगळ्यात नेहमीची तक्रार असते, 'लिनक्स सुरू व्हायला दीड मिनिट लागायला लागलं.' कारण साधं आहे. प्रत्येक पार्टिशनला यूयूआयडी नावाचा एक ओळख क्रमांक असतो. जुनं स्वॅप पार्टिशन उडवून नवं केलं की हा क्रमांक बदलतो. पण 'एफएसटॅब' या फाइलमध्ये जुनाच नंबर असतो, आणि सिस्टिम त्या गेलेल्या पार्टिशनची ९० सेकंद वाट बघत बसते. 'बीएलकेआयडी' या कमांडनं नवा नंबर बघा आणि 'एफएसटॅब'मध्ये टाका. स्वॅप पार्टिशन कायमचं काढलं असेल तर ती ओळ पुढे हॅश लावून निष्प्रभ करा. उबुंटूमध्ये हायबरनेशनसाठी 'रिझ्युम' नावाच्या वेगळ्या फाइलमध्येही जुना नंबर असू शकतो. तो बदलल्यावर 'अपडेट-इनिटरामएफएस' चालवायला विसरू नका.

लिनक्सच्या जागी काळा पडदा आणि 'ग्रब रेस्क्यू' अशी अक्षरं दिसली, तरी डेटा गेला असं नाही. फक्त दार सापडत नाहीये. लाइव्ह पेनड्राइव्हनं बूट करा, फाइल्स दिसतात का बघा, आधी त्या बाहेर काढा आणि मग ग्रब दुरुस्त करा. हा पेनड्राइव्ह काम संपलं म्हणून लगेच पुसू नका, एवढ्यासाठीच.

टिक दाबण्याआधी

- बॅकअप घेतला? त्याच डिस्कच्या दुसऱ्या पार्टिशनवर ठेवलेली कॉपी हा बॅकअप नव्हे. बाहेरची डिस्क, पेनड्राइव्ह किंवा क्लाउड हवा.
- लपलेले फोल्डरही घेतले? एसएसएच कीज आणि ब्राउझरचं प्रोफाइल टिंबानं सुरू होणाऱ्या फोल्डरमध्ये असतात.
- घेतलेल्या बॅकअपमधली एखादी फाइल दुसऱ्या मशीनवर उघडून बघितली?
- बिटलॉकरची ४८ अंकी की कागदावर आहे?
- आत्ताच्या मांडणीचा फोनवर फोटो काढला? कोणतं पार्टिशन कुठे आणि केवढं होतं, हे नंतर आठवत नाही.
- ईएफआय, रिकव्हरी किंवा ओळखू न येणारं कुठलंही पार्टिशन यादीत चुकून आलं नाही ना?
- परीक्षा किंवा सबमिशन आठवड्याभरात आहे? मग आज नको.

हे सगळं वाचून 'एवढा कुटाणा कोण करणार' असं वाटलं असेल. पण व्हर्च्युअल मेमरी, फाइलसिस्टिम, बूटलोडर हे शब्द पेपरात पाच-पाच मार्कांना येतात आणि परीक्षेनंतर विसरले जातात. आपल्याच मशीनवर, आपल्याच प्रोजेक्टसाठी ते एकदा हाताळले की विसरायला होत नाहीत. तेव्हा येत्या रविवारी आधी 'फ्री -एच' द्या, गोरखचिंच उघडा आणि जागा नक्की कुठे अडलीये ते बघा. सरकायला कुणाला सांगायचं, ते नंतर ठरवू.